महाल आधी, माणसं मागून

नानांच्या कुठल्याही कादंबरीत नायक लवकर भेटत नाही. आधी त्याचा दरवाजा भेटतो. दरवाजा सागवानी असतो, त्यावर पितळेचे गोळे असतात, गोळ्यांवर सकाळचं ऊन असतं, उन्हात धूळ असते आणि ती धूळसुद्धा खानदानी असते. मग देवडी, मग चौक, मग चौकातलं कारंजं, मग झुंबर. ऐकणाऱ्याचे पाय दुखायला लागतात तेव्हा कुठे एका उंच खिडकीपाशी पाठमोरा सरदार दिसतो. तो बाहेर बघत असतो. कोणी हाक मारली तर वळत नाही. वळलाच, तर हाक मारणाऱ्याचं काही खरं नसतं.

हे मी वाचलेलं नाही, ऐकलेलं आहे. माझी शाळा नववीत सुटली. जाड पुस्तक हातात घेतलं की मला अजून परीक्षेला बसल्यासारखं होतं. पण दिवा गावात राहिलो तेवढी सगळी वर्षं दर रविवारी दुपारी नाना वाचायचे आणि मी ऐकायचो. नाना माझे घरमालक होते. घरमालक वाचत असताना उठून जाईल इतका मोठा भाडेकरू मी तेव्हाही नव्हतो आणि आता कल्याणला स्वतःची खोली झाली तरी झालेलो नाही.

त्यांची माझी ओळख कोपरीत झाली. मी देगलूरकडून नवीन आलेलो, स्टेशनजवळच्या एका टाइल्सच्या दुकानात कामाला लागलेलो आणि दुकानाच्याच गोडाऊनमध्ये कमोडच्या खोक्यांच्या मधे झोपायचो. एक दिवस पांढरा सदरा, गळ्यात सोन्याची जाड साखळी, असे एक गृहस्थ आले आणि म्हणाले, "राजवाऱ्यात बसंल अशी टाइल दाखव."

शेठ हसायला लागले. मला हसायची परवानगी नव्हती, म्हणून मी टाइल दाखवत राहिलो. संगमरवरी, शहाबादी, काळ्यावर सोनेरी रेघवाली. नाना प्रत्येक टाइलवर हात फिरवायचे, डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "यावर घोरा घसरंल." शेवटी घोडा न घसरणारी टाइल सापडली. ती बाथरूमची होती, पण ते मी सांगितलं नाही. नाना खूश झाले. "कुठं रेतंस?" म्हणाले. मी खोक्यांकडे बोट दाखवलं. "चल माज्याकरं," म्हणाले. मुंबईच्या बाजूला येऊन मला 'चल' असं तोपर्यंत फक्त पोलिसाने म्हटलेलं.

म्हणून पहिल्यांदाच सांगतो, नानांचे माझ्यावर उपकार आहेत. पुढे जे काही लिहीन ते हे ध्यानात ठेवून वाचावं.

नाना दिव्याचे मूळचे. वडील मिठागरावर मीठ ओढायचे. पुढे शेताच्या आणि मिठागराच्या जागी इमारती आल्या, तेव्हा नानांनीही आपल्या तुकड्यावर चार मजले चढवले. इतक्या घाईने चढवले की वरच्या जिन्यावरून दोन माणसं समोरासमोर आली की एकाला खाली यावंच लागायचं. तो एक बहुतेक मी असायचो. बिल्डिंगमध्ये पाणी दिवसाआड, तेही आलं तर. बाकीच्या दिवशी टँकर.

अशा बिल्डिंगमध्ये नानांनी कारंजं बांधलं.

त्याला कारण होतं. नानांची कामाची पद्धतच तशी होती. "महाल आधी, मानसं मागनं," असं ते म्हणायचे, आणि महाल डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांना लिहिताच यायचं नाही. जुने वाडे बघायला ते कुठे गेले नाहीत. लागेल तो महाल ते बिल्डिंगमध्येच बांधायचे. एका कादंबरीत राजकन्या झरोक्यात बसायची, म्हणून तिसऱ्या मजल्यावर फायबरचा झरोका बसला. तो समोरच्या बिल्डिंगच्या स्वयंपाकघरापासून इतक्या जवळ होता की पलीकडच्या बाई त्यातून आमच्या काकींना, म्हणजे नानांच्या बायकोला, चटणीची वाटी द्यायच्या. दुसऱ्या कादंबरीत नायकाचं शयनगृह होतं, म्हणून माझ्या खोलीला पितळी गोळ्यांचा सागवानी दरवाजा आला. आत स्टोव्ह, चटई आणि मी. चोर आला असता तर दरवाजा घेऊन गेला असता.

कारंजं मात्र एकच प्रकरण चाललं. नानांनी टँकरचं पाणी त्यात सोडलं, खुर्ची टाकून बसले आणि लिहायला लागले. शेजारीच टँकरसाठी हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायका दोन मिनिटं बघत राहिल्या. मग एकीने पुढे होऊन हंडा सरळ कारंज्याखाली लावला. अर्ध्या तासात कारंजं कोरडं. नाना रागावले नाहीत. रविवारी वाचताना त्यात आलं की, 'तृषार्त प्रजा त्या जलयंत्रावर तुटून पडली आणि सरदाराने तिच्याकडे तुच्छतेने पाठ फिरविली.' तुच्छता नानांनी पदरची घातली होती. प्रत्यक्षात त्यांनी एका म्हातारीचा हंडा स्वतः उचलून दिलेला मी पाहिला होता.

बोलताना 'ड'चा 'र' आणि 'ळ'चा 'ल' करून घोड्याला 'घोरा' म्हणणारे नाना लिहिताना त्याला 'अश्व' म्हणायचे. जेवणाला भोजन, जिन्याला सोपान, आणि आमच्या गटारालासुद्धा एकदा 'परिखा', म्हणजे किल्ल्याचा खंदक, म्हणून जागा मिळाली. हे सगळं ते लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायचे. त्यांच्या गावकीत पत्रिका पोत्याने यायच्या आणि जाड, गुळगुळीत कागद फुकट जाऊ नये असं त्यांचं म्हणणं होतं. त्यामुळे कादंबरी विटांसारखी रचून ठेवलेली असायची. वाचता वाचता कधी पत्रिका उलटी धरली जायची. "सरदाराने म्यानातून तलवार उपसली आणि... हळदी समारंभ वराचे निवासस्थानी, अगत्य येण्याचे करावे." नाना न थांबता पत्रिका फिरवायचे. मी मान डोलवायचो.

आता त्या सरदाराबद्दल सांगायलाच हवं. दर कादंबरीत त्याचं नाव वेगळं असायचं, माणूस तोच. छाती रुंद, भुवया जाड. आई मरणाला टेकली असा निरोप आला तर म्हणणार, 'नंतर.' ज्या घोड्याने जीव वाचवला तो लंगडला की नदीच्या मधोमध सोडून देणार. जहागीरदाराची एकुलती एक मुलगी, तीही त्याच्या तोडीची. दासीने वेणी सैल घातली तर आरसा फेकणार, घट्ट घातली तर दासीला फेकणार. दोघांचं एकमेकांवर फार प्रेम. का, ते शेवटपर्यंत कळायचं नाही. चारशे पानं एकमेकांचा अपमान करून त्यांचं लग्न लागलं, तेव्हा मला त्या महालाची दया आली. इतका चांगला बांधलेला, आणि आता ही दोघं त्यात राहणार.

"कसा वाटला?" नाना विचारायचे.

"दरवाजा फार भारी होता नाना."

"आन सरदार?"

"सरदार... मोठा माणूस आहे."

"मंग," नाना समाधानाने म्हणायचे. "मोटा मानूस हसत नाय. मोटा मानूस उठत नाय. हो बोलत नाय, नाय बोलत नाय. हसतो तो विदूषक."

बाकीचे भाडेकरू रविवारी दुपारी कुठे ना कुठे जायचे. कोणाची सासू आजारी पडायची, ती सोमवारी बरी व्हायची. माझं इथे कोणीच नव्हतं, त्यामुळे आजारी पाडायला माणूस नव्हता.

असं चाललेलं असताना माझं लग्न ठरायला आलं. मुलगी आमच्याच बाजूची, मुखेडची. बारावी शिकलेली. वडील एसटीत कंडक्टर, मामा कल्याणला राहायला. मामांच्या घरी बघण्याचा कार्यक्रम झाला. मी बोललो कमी आणि पोहे सांडले जास्त, तरी मुलीने होकार दिला. आमच्याकडे मग मुलीकडचे मुलाचं घर बघायला येतात. पोरगी कुठे नांदणार, पाणी आहे का, दार लागतं का. आणि मुलगा आपल्या दारात आपल्याशी कसा वागतो, हे खरं बघायचं असतं. माझी दोन रात्री झोप उडाली. नववी नापास, परगावी एकटा, दिव्याची खोली. असं स्थळ परत चालून येणार नव्हतं आणि ती मुलगी मला आवडली होती. पोहे सांडले तेव्हा ती हसली नव्हती. तिने फक्त आपली बशी माझ्याकडे सरकवली.

मी काकींकडे चार कप मागायला गेलो. नानांनी ऐकलं.

"कप नको," ते म्हणाले. "मी बघतो."

रविवारी सकाळी मंडपवाल्याचा टेम्पो आला. त्यातून लग्नातली राजा-राणीची लाल मखमली खुर्ची उतरली, दोन फायबरचे खांब उतरले, झुंबर उतरलं, गुलाबदाणी उतरली. माझ्या खोलीत चटई टाकली की चालायला जागा उरायची नाही, तिथे हे सगळं बसवलं. झुंबर इतकं खाली आलं की उंच माणसाने वाकून यावं. मला भाड्याचा जोधपुरी कोट घातला. तो मागून पिना लावून आवळलेला होता.

"आता ऐक," नाना म्हणाले. "खुर्चीवरून उठायचा नाय. हसायचा नाय. कोनी काय विचारला तर खिरकीतून भायेर बघायचा. बाकी मी बोलंन."

"नाना, ते वडीलधारे आहेत. पाया पडायला लागेल."

"पाया परतो तो नोकर. त्यांना जावय पायजे का नोकर?"

नानांचं नाही ऐकलं आणि खोली गेली, तर मुलगी कुठे आणणार? मी बसलो.

मुलीचे वडील आणि मामा आले. दरवाजा बघून दोघे बाहेरच थांबले, चुकीच्या पत्त्यावर आलो असं वाटून. नानांनी त्यांच्यावर गुलाबपाणी शिंपडलं. वडिलांच्या चष्म्यावर उडालं. ते चष्मा पुसत, झुंबराखालून वाकून आत आले आणि समोर मी, पाय फाकवून, हात खुर्चीच्या सिंहांवर ठेवून. त्यांनी राम राम केला. माझी कंबर आपोआप उठायला लागली. नाना खोकले. मी परत बसलो.

"जागा भारी हाय की," मामा म्हणाले.

मी भुवया आवळल्या.

"कामाला कुठं हाव म्हणलात?" वडिलांनी विचारलं. त्यांना माहीत होतं, बोलायचं म्हणून विचारलं.

मी खिडकीतून बाहेर बघितलं. समोरच्या बिल्डिंगमध्ये कोणाचे तरी बनियन वाळत घातले होते. मी त्यांच्याकडे मोठ्या माणसासारखा बघत राहिलो.

"तो कमी बोलतो," नाना म्हणाले. "आता हा खांब बघा. यावर जी वेल हाय ना..."

वेल बराच वेळ चालली. मग वडील मामांच्या कानाशी वाकले. खोली एवढीशी, मला ऐकू आलंच. "पाव्हण्याला ऐकू येतं ना?"

जाताना तरी पाया पडू म्हणून मी उठायला गेलो, तर पिनांसकट कोट मखमलीत अडकला होता. ते जिना उतरून गेले. पाणीसुद्धा मी विचारलं नाही. आमच्याकडे उन्हातून आलेल्या कुत्र्यालाही पाणी ठेवतात.

नाना खूश होते. "जमला," म्हणाले. "एकदम जमला. पन्नास कादंबऱ्या लिवल्या असत्या तरी असा बसला नसता."

दोन दिवसांनी मामांचा फोन आला. "घर एक नंबर हाय. पण पोरगं नको म्हणायलेत दाजी. गर्व लई हाय म्हणाले. आमची पोरगी असल्या माणसापाशी कशी दिवस काढंल?"

मी कामावर गेलो नाही. सागवानी दरवाजा लावून बसलो. संध्याकाळी काकी भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन आल्या, माझं तोंड बघितलं आणि कारण विचारलं. मी सांगितलं. त्या तशाच खाली गेल्या, आणि खालून काय ऐकू आलं ते सगळ्या बिल्डिंगला ऐकू आलं.

"तुमच्या पुस्तकातला मानूस कोनी घरात घेईल काय ओ? पोराचा वाटोला केलात. कवा जन्मात एकदा कोनी त्याला हो बोलला होता."

"महाल त्यांना आवरला ना?" नानांचा आवाज.

"महालाशी लगीन लावायचा होता काय पोरीचा?"

थोड्या वेळाने काकी ताट न्यायला वर आल्या. त्यांचा राग उतरला होता. पायरीवर बसून म्हणाल्या, "तू मनाला लावून घेव नको. याचा बापूस मिठागरावर होता ना, तवा हा पन लहानपनी जायचा टोपल्या उचलायला. मालक गारीतून यायचा. छत्रीखाली खुर्ची टाकून बसायचा. कोनाशी बोलायचा नाय, कोनाकरं बघायचा नाय, आन सगले त्याच्यापुरं वाकायचे. याचा बापूस पन. यानं मोटा मानूस तेवराच बघलाय. दुसरा कुठला लिवनार?"

मी ताट त्यांच्या हातात दिलं. पण सरदाराचा मला पहिल्यासारखा राग येईना, आणि त्यामुळे जरा पंचाईतच झाली.

दुसऱ्या दिवशी नाना कल्याणला गेले. मला न सांगता, साखळी न घालता. तिथे काय झालं हे मला पुढे बायकोने सांगितलं. ती मामांकडेच होती आणि आतल्या खोलीत दाराआड उभी होती. हो, बायकोने. म्हणजे शेवट काय झाला ते कळलं असेल, पण कसा झाला ते ऐका.

नाना सतरंजीवर बसले. चहा आला. पहिली दहा मिनिटं त्यांनी मामांच्या घराच्या छताचं वर्णन केलं, ते त्यांना टाळता येत नाही. मग म्हणाले, "त्या खुर्चीत त्याला मी बसवलेला. उठू नको मीच बोललेलो."

"का पण?" वडील म्हणाले.

"चुकला माजा. पोरगा तसा नाय. पोरगा घाबरट हाय." अशी सुरुवात कोणी स्थळ सांगताना केली नसेल. "टँकर आला की हा शेवटी उभा रेतो. चौथ्या माल्यावर म्हातारी हाय, तिचा हंडा पयला चढवतो. तोवर टँकर संपतो. मंग माज्याकरं येतो आंघोलीला. आन आंघोलीचे उपकार फेरायला रविवारी माजी कादंबरी ऐकत बसतो. त्याला आवरत नाय ती."

"त्यानं सांगितलं तुम्हाला?"

"तो काय सांगतोय? दरवाजा भारी, खांब भारी, येवराच बोलतो. मना कलत नाय काय? सगली बिल्डिंग पलते. हा पलत नाय. झोप येते तर स्वताला चिमटा कारतो, पन बसतो."

मग वडिलांनी विचारलं, "तुमचं ऐकून तो एवढं वंगाळ वागला. उद्या आमच्या पोरीचं ऐकंल का?"

"कोनाचा पन ऐकतो," नाना म्हणाले. "तोच तर त्याचा प्रॉब्लेम हाय."

दाराआडून हसण्याचा आवाज आला, आणि वडिलांनी नानांच्या कपात दुसरा चहा ओतायला सांगितला.

नाना घरी आले तेव्हा मला फक्त एवढंच म्हणाले, "तुजा काम झाला. फोन येईल. आन पुढच्या वेली पाया पर रे, हात का मोडलेत?"

लग्न मुखेडला झालं. नाना आणि काकी एवढ्या लांब आले आणि नानांनी तिथल्या साध्या मंडपाबद्दल चक्क काही बोलायचं टाळलं. मी नानांच्या पाया पडलो, सासऱ्यांच्या पडलो, एसटीच्या ड्रायव्हरच्याही पडलो. कोणाचं राहायला नको.

परत आल्यावर पहिल्या रविवारी नानांनी पत्रिकांची थप्पी काढली. वरची पत्रिका आमच्याच लग्नाची होती. मागे नवीन कादंबरीचं पहिलं प्रकरण. बायको माझ्या शेजारी बसली. दरवाजा झाला, देवडी झाली, चौक झाला, आणि सरदाराने पाणी आणून देणाऱ्या पोराला लाथ मारली.

"नाना," बायको म्हणाली, "हा माणूस मला मुळीच आवडला नाही."

खोली गेली, असं मी मनाशी धरलं आणि भांडी कशात बांधायची त्याचा विचार करायला लागलो. नानांनी चष्मा कपाळावर चढवला. इतक्या वर्षांत त्यांना हे कोणी तोंडावर म्हटलं नव्हतं.

"मंग कसा पायजे तुना?"

"मामांकडे येऊन तुम्ही ज्याच्याबद्दल बोललात ना, तसा घाला की एखादा. त्याची गोष्ट आम्ही सगळे ऐकत बसलो होतो."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत, बराच वेळ. दुकानात टाइल बघितली होती तसं. मी चुळबुळ केली.

"नाय जमनार," ते शेवटी म्हणाले. "हा असला तर पोरगी पयल्याच पानावर हो बोलंल. बाकीची चारशे पाना मी काय लिवू?"

आणि त्यांनी चष्मा खाली ओढला, पुढची पत्रिका उचलली, ती उलटी धरली, सरळ केली आणि वाचायला लागले.